चपलेची लेस

सासूबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. ओटा पुसता पुसता, तिच्याकडे न बघता, जणू शेगडीलाच बजावताहेत अशा आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "हा माणूस दुखतंय म्हणून तोंडाने कधी सांगायचा नाही बरं का. एकदम फार कामसू झाला, कुणाचं काही अडलं की बोलावण्याआधी धावायला लागला, की समज, कुठेतरी दुखतंय. माझ्या माघारी तेवढं लक्ष ठेव." तेव्हा तिला सातवा महिना होता आणि ती बाळाच्या पहिल्या चाळीस दिवसांवरचं जाडजूड पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचत बसली होती. "हो आई," असं म्हणून तिने पान उलटलं. बायका आपापल्या नवऱ्यांबद्दल असं काहीबाही बोलतच असतात, त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे बोलणारीलाही ठाऊक नसतं, असं तिचं मत होतं. आणि सातव्या महिन्यात माणसाला मतं फार असतात. पुढे मुलगी झाली. इतकी बारकी आणि इतकी चळवळी, की आजोबांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव मुंगी ठेवलं आणि कागदावरचं नाव कागदावरच राहिलं. मुंगीला दात यायच्या आत सासूबाई एका सकाळी कप विसळता विसळता गेल्या. त्यांचा तो इशारा ओट्यावरच राहिला, पुसायच्या राहिलेल्या डागासारखा. गंमत म्हणजे इशारे वाचणं हाच सुनेचा पोटापाण्याचा उद्योग. औषधाच्या खोक्यात तो घडीघडीचा पातळ कागद असतो ना, जो उघडला की पुन्हा कुणाच्या बापाला तसा घालता येत नाही, तो छापायला जाण्याआधी ती वाचायची. खिडकीजवळच्या टेबलावर, पट्टी लावून, ओळ न् ओळ. चक्कर येणे, क्वचित. जीभ सुजणे, अतिक्वचित. तिच्या नजरेतून एक मात्रा सुटत नसे. सगळ्या कचेरीत तिच्याबद्दल म्हणत, की हिला प्रेमपत्र जरी आलं तरी ही आधी दुष्परिणाम शोधेल.

तर त्या दिवशी सासरे खालच्या मजल्यावरच्या बाईचा नळ बघायला गेले होते, म्हणून मुंगीला बालवाडीतून आणायला ती स्वतः लवकर सुटून गेली. मुंगी सव्वातीन वर्षांची. बाबागाडी देऊन टाकून दोन महिने झालेले, त्याच खालच्या मजल्यावरच्या बाईला, कारण तिला नुकतं बाळ झालं होतं आणि मुंगीचे पाय गाडीतून बाहेर लोंबून रस्ता झाडू लागले होते. बालवाडीपासून घर साडेसहाशे पावलं. तिने मोजली होती, कारण ती सगळंच मोजायची, रात्री झोपलेल्या मुंगीचे श्वाससुद्धा. दिव्याच्या पहिल्या खांबापाशी मुंगी थांबली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, कंबरेत वाकली, आणि रस्त्याकडे बघत, सगळं जग बघून झालेल्या माणसासारखा एक सुस्कारा सोडला. "काय झालं गं?" "थांब. दोन मिनिटं." दोन मिनिटं म्हणजे मुंगीची, म्हणजे चार श्वास. मग ती सरळ झाली, "हां, चल आता," म्हणाली, आणि चाळीस पावलं टुणटुण चालून औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून उठून सिमेंटच्या मोठ्या कुंडीपाशी पुन्हा गुडघ्यांवर हात. "मुंगे, पाय दुखतात का तुझे?" "नाही." "मग वाकतेस कशाला?" "लेस बांधतेय." मुंगीच्या बुटांना लेस नव्हती, चिकटपट्टी होती. हाडं, स्नायू, रक्त, मेंदूतली नसेल ना गाठ? चालता चालता तिच्या डोक्यात सगळे कागद एकापाठोपाठ एक उलगडत गेले आणि एकाचीही घडी परत बसेना. क्वचित, अतिक्वचित. क्वचित म्हणजे हजारात एक, आणि तो एक कुणाच्या तरी घरी राहत असतोच की. साडेसहाशे पावलांत मुंगी नऊ वेळा थांबली. दारात सासरे पान्हा पुसत उभे होते. "अरे वा, आज आईची स्वारी का!" असं म्हणून त्यांनी दाराची चौकट पकडली, आणि तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला थर्मामीटर हवा होता.

नवरा म्हणाला, "खेळत असेल गं." नवऱ्याला जगातलं सगळं 'असेल गं' वाटतं; हा गुण तिने लग्नाआधी शांत स्वभाव म्हणून पसंत केला होता. दुसऱ्या दिवशी ती मुंगीला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. सासरे अर्थातच बरोबर. हल्ली त्यांना कुठेही यायचंच असायचं. सामानाच्या मोठ्या दुकानात तर ती यादी हातात घेण्याआधी ते ढकलगाडीचा दांडा धरून उभे. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला गुडघ्यावर हातोडी मारली, टेबलावरून उडी मारायला लावली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. मुंगी पळत पळत दाराबाहेर गेली आणि तिथल्या दोन मुलांना ढकलून परत आली. "ताई, ही ठणठणीत आहे. हिच्यामुळे दुसरं कुणी माझ्याकडे येईल, ही नाही." "पण ती वाकते ना. चालता चालता. नऊ वेळा." "कशी वाकते? दाखव गं बाळा." मुंगीने मन लावून दाखवलं: गुडघ्यांवर हात, सुस्कारा, थांब, दोन मिनिटं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत होत्या, मग त्यांची नजर उघड्या राहिलेल्या दारातून बाहेर गेली आणि तिथेच राहिली. "हे हिने कुणाचं उचललंय?" असं त्यांनी विचारलं. बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. सासरे माशांच्या काचेच्या टाकीवर कोपरं टेकून, काटकोनात वाकून उभे होते. नाक काचेला लागलेलं, आतला एक पिवळा मासा त्यांच्या नाकासमोर येऊन थांबलेला, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच भाव. "बाबा?" "मासे बघतोय गं," सासरे सरळ न होता म्हणाले. "छान आहेत."

त्या क्षणाबद्दल ती पुढे कितीदा तरी विचार करायची, आणि दर वेळी तिला आधी हसू यायचं, मग लाज. कारण त्या क्षणी तिला पहिल्यांदा जे वाटलं ते सासऱ्यांबद्दल नव्हतंच. हुश्श, मुंगीला काही नाही! हे वाटलं, आणि मग त्या हुश्शच्या मागोमाग ओट्याजवळचा आवाज आला: एकदम फार कामसू झाला की समज. ती तिथेच खुर्चीवर बसली आणि फोनमधले फोटो उघडले. मुंगी गाडीत झोपलेली, मुंगी गाडीत रडताना, मुंगी गाडीत केळं खाताना, मुंगी, मुंगी, मुंगी. चौदाशे फोटो, आणि प्रत्येकाच्या वरच्या कडेला, तिने छाटता छाटता उरलेले, दांड्यावरचे दोन हात. पहिल्या वर्षी बोटं दांड्यावर अशी अलगद, पेटीवाल्याने सुरावर ठेवावीत तशी. दुसऱ्या वर्षी मनगटं. तिसऱ्या वर्षी अख्खी कोपरं, आणि एका फोटोत, मुंगीच्या डोक्यावर चंद्रासारखी उगवलेली, सासऱ्यांची हनुवटी. ती पोरीच्या पापणीवरची पुटकुळीसुद्धा फोटो मोठा करून तपासत होती. आणि गाडी ढकलणारा माणूस तीन वर्षं इंचाइंचाने घडी होत चालला होता. आजोबांना नातीचं काय वेड, असं लोक म्हणायचे. तिला तर मधूनमधून त्याचा हेवाही वाटायचा. सकाळ-संध्याकाळ गाडी बाहेर. ऊन असो, धुकं असो. एकदा मुंगी तापाने घरात झोपलेली असताना ते रिकामी गाडी घेऊन निघाले होते. "चाकं जाम होतात उभी राहून," म्हणाले होते, आणि चाकांची काळजी घेणारा सासरा मिळाला म्हणून तिने मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं होतं. ती गाडी तिने देऊन टाकली. धुऊनपुसून, वर रिबीन बांधून. सासऱ्यांनी स्वतः खाली नेऊन पोचवली होती आणि परत यायला त्यांना पाऊण तास लागला होता. दोन जिने उतरायला-चढायला. तिला वाटलं होतं, जीव गुंतला असेल म्हाताऱ्याचा.

मणक्याचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा होता. मुंगीने तो लगेच मांडीवर घेतला. "चालताना पाय भरून येतात?" "नाही," सासरे म्हणाले. "कंबर दुखते?" "छे." "पायांना मुंग्या येतात?" "मी इथे आहे," मुंगी म्हणाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हा माणूस काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "बरं. मग मला एवढंच सांगा, हिला बालवाडीतून घरी आणताना तुम्ही कुठे कुठे थांबता?" सासरे छताकडे बघायला लागले. प्लंबर माणूस, छतावर ओल दिसली की त्यांना बोलायला विषय मिळतो. पण छत कोरडं ठणठणीत होतं, आणि तेवढ्यात मुंगी मणके मोजत मोजत सांगू लागली, "पहिला दिवा. मग औषधवाल्याची पायरी. मग कुंडी. मग लाल गाडी असली तर लाल गाडी. मग बाक. बाकावर आजोबा डोळे मिटतो. मग भिंत. मग लेस बांधायची." "लेस?" डॉक्टरांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. सासऱ्यांच्या पायांत चपला होत्या. बेचाळीस वर्षं ओल्यात काम केलेल्या माणसाच्या, रबरी, बिनलेसच्या. सासऱ्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग सासरे म्हणाले, "पोरगी फार चहाडखोर आहे. आईवर गेली आहे."

फोटो काढले गेले, तेही आतले, आवाज करणाऱ्या बोगद्यात घालून. पाठीच्या कण्यातून नसांचा जुडगा खाली जातो ती वाट कंबरेपाशी अरुंद झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. वयाने हाडांच्या कडा वाढतात, आतलं अस्तर जाड होतं. सासऱ्यांना हे एका दमात कळलं. इतका वेळ संकोचून बसलेला माणूस एकदम पुढे सरकला. "म्हणजे पाइपात क्षार चढलेत." "तसंच काहीसं." "आणि वाकलं की वाट जरा मोकळी होते." "बरोबर. म्हणूनच बाबागाडी, ढकलगाडी, माशांची टाकी." "आणि मोरी," सासरे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांचं कोडं सुटल्याचा आनंद होता. "मी म्हणायचो, मोरीत वाकलं की कसं बरं वाटतं! मला वाटायचं, कामाचं प्रेम." ती बघतच राहिली. या तीन वर्षांत इमारतीतल्या यच्चयावत मोऱ्या त्यांनी फुकटात दुरुस्त केल्या होत्या. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. "लघवीवर ताबा आहे ना? नकळत गळती वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं आणि सासऱ्यांचा चेहरा कडक झाला. "डॉक्टर, बेचाळीस वर्षं मी लोकांच्या गळत्या काढल्यात. माझी असती तर तुमच्यापर्यंत आली नसती." मग डॉक्टरांनी त्यांना टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. उजवं पाऊल उचललं गेलं. डाव्या पावलाची बोटं थोडी उचलल्यासारखी झाली आणि परत जमिनीवर आली, झोपमोड झालेल्या माणसाने कूस बदलावी तशी. ते तिने पाहिलं, आणि हाच माणूस याच पावलाने मुंगीला रोज रस्ता ओलांडून आणतो, हेही तिने त्याच वेळी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, घाई नको, पण हयगयही नको. दोन महिने व्यायाम करू, उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, जागच्या जागी फिरणारी सायकल चालवायची, पोटाचे स्नायू बळकट करायचे. गोळ्या अगदी लागतील तेवढ्याच, तेही थोडे दिवस. पायाची कळ फारच झाली तर मणक्यात एक इंजेक्शन देता येतं, त्याने काही आठवडे बरे जातात, पण वाट त्याने रुंद होत नाही. आणि नाहीच भागलं तर ऑपरेशन, मागचं थोडं हाड काढून नसांना जागा करून द्यायची. "फोटो बघून मी कापत नाही. माणूस किती चालतो ते बघून ठरवतो. पण एक लक्षात ठेवा. पाऊल आणखी लोळायला लागलं, चप्पल निसटायला लागली, तर दोन महिने थांबायचं नाही. आणि लघवीचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला यायचं. मला सांगायचं." मला सांगायचं! ती मनात म्हणाली. डॉक्टर, तुम्ही विहिरीलाच सांगताय की पाणी संपलं तर ओरड.

घरी सल्ल्यांची नुसती झुंबड उडाली. नणंद फोनवरून म्हणाली, बाबांना आठ दिवस फळीवर झोपव, आमच्या शेजारच्यांचं त्याने साफ गेलं. काय गेलं, असं विचारलं तर, "कंबर गं," म्हणाली. ते शेजारीही नंतर गेले, ते वेगळ्या कारणाने. नवऱ्याने तीन प्रकारचे कंबरपट्टे मागवले आणि तिन्ही स्वतः लावून पाहिले. "बाबागाडी शेवटी बाबांचीच निघाली म्हणायची," असा एक विनोदही त्याने केला, पण कुणी हसलं नाही म्हणून तो पुन्हा पट्टा लावायला गेला. ती रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर गोळ्यांचा कागद उलगडून मोठ्याने वाचायची, आणि सासरे ऐकून घ्यायचे. "मळमळ. जळजळ. क्वचित पुरळ." "अगं, हे तर मला तुझं वाचन ऐकूनच होतंय." व्यायाम मात्र त्यांनी मनापासून धरला. जमिनीवर उताणे पडून गुडघे छातीशी घेतलेले सासरे आणि शेजारी तशीच मुंगी, अशी दोन उलटी झुरळं रोज सकाळी सतरंजीवर दिसू लागली. चाकांचा आधार घेऊन चालायचा वॉकर आणला, त्याला सासऱ्यांनी म्हाताऱ्यांची गाडी म्हटलं, सगळे नटबोल्ट आवळून दिले आणि जिन्याखाली ठेवून दिला. आणि थांबे? थांब्यांची नोंद ठेवायला तिने मुंगीला नेमलं. याहून मोठी चूक तिच्या हातून त्या वर्षात झाली नाही. रोज संध्याकाळी कचेरीतून आली की ती विचारायची, "मुंगे, आज आजोबा किती वेळा थांबले?" पहिल्या आठवड्यात सात. मग पाच. मग दोन. मग रोज दोन. दोन, दोन, दोन. भिंतीवरच्या कागदावर तिने त्या दोनांची अशी सुरेख रांग काढली होती, की नवऱ्याने तिचा फोटो नणंदेला पाठवला. तिलाही बरं वाटत होतं. फक्त कधीकधी, टेबलावर पट्टी सरकवताना, तिला वाटायचं, की सगळे आकडे सारखे असलेला तक्ता आपल्याकडे आला तर आपण काय करतो? परत पाठवतो. माणसाचं शरीर इतकं टापटिपीचं नसतं. आणि एके दिवशी तिने मुंगीच्या दप्तरात चॉकलेटच्या बिस्किटाची दोन वेष्टनं पाहिली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दोन.

त्या दुपारी ती कचेरीतून डोकं दुखतंय असं सांगून निघाली आणि बालवाडीसमोरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिली, एखाद्या नवऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या बाईसारखी. आपल्याला कुणी ओळखीचं बघेल तर काय म्हणेल, असा विचार तिच्या मनात आला. सासऱ्यावर पाळत ठेवतेय म्हटलं तर जास्तच वाईट. मुंगी बाहेर आली, आजोबांनी तिला बोट दिलं. पहिला दिवा. औषधवाल्याची पायरी. कुंडी. लाल गाडी नव्हती, तर निळी चालली. ती मागून, चाळीस पावलं अंतर ठेवून, ती दोघं थांबतील तिथे थांबून, चालत होती. आणि तिला जाणवलं, की या चालीत एक लय आहे, नाचाची असते तशी, आणि ती दोघांनाही पाठ आहे. रस्ता ओलांडायच्या आधी बाक होता. सासरे बसले, डोळे मिटले, तोंड जरा उघडं राहिलं. मुंगी शेजारी बसून पाय हलवत होती, आणि एखादी मोठी बाई दवाखान्यात पेशंटजवळ बसते तशी रहदारी बघत होती. मग दोघं उठली. रस्ता ओलांडला. पलीकडे पोचली, आणि तिने पाहिलं की डावी चप्पल मागे, पांढऱ्या पट्ट्यांच्या शेवटी, पडली आहे; आणि सासरे एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असे तसेच पुढे चालले आहेत. तापलेल्या रस्त्यावर. त्यांना कळलंच नव्हतं. तिच्या तोंडून हाक निघेपर्यंत मुंगी वळली, दोन पावलं मागे आली, चप्पल उचलली, आजोबांच्या पायाशी उकिडवी बसली, पाऊल दोन्ही हातांनी उचलून चप्पल त्यात सरकवली, वरून दोनदा थोपटली, आणि काहीच न बोलता परत बोट धरलं. घाई नाही, ओरडणं नाही. रोजचं काम असल्यासारखं. मग म्हणाली, "झाली लेस."

"बाबा!" सासरे दचकले. मग ओशाळले. मग त्यांनी आजूबाजूला एखादी मोरी दिसते का असं पाहिलं. तिने त्यांना भिंतीच्या कठड्यावर बसवलं. "किती दिवस?" "कशाचे?" "चपलेचे." "असतील दहा-बारा." "पंधरा," मुंगी म्हणाली, ती पंधरापर्यंतच मोजायला शिकली होती. "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? चप्पल! शब्द काय वापरला त्यांनी? चप्पल! आणि तुम्ही पोरीला बिस्किटं चारून खोटं बोलायला शिकवता?" "खोटं नाही. दोन बिस्किटं दिली, ती दोन म्हणाली. तू थांबे विचारत होतीस, ती बिस्किटं सांगत होती." "वर तोंड करून बोलतायसुद्धा!" तिचा आवाज चढला आणि फाटला. रस्त्याने जाणारा एक माणूस चालता चालता हळू झाला. "हिला घेऊन रस्ता ओलांडताना पाय अडकला असता म्हणजे?" सासरे आपल्या डाव्या पावलाकडे, उधार आणलेल्या वस्तूकडे बघावं तसं, बघत राहिले. मग म्हणाले, "मी ऑपरेशनला पडलो तर हिला आणणार कोण? तूच ना? म्हणजे नोकरी सोडणार." "चार आठवड्यांची सुट्टी..." "ते मला नको सांगू. मी शिडीवरून पडलो होतो, तुझा नवरा तेव्हा एवढासा. तुझी सासू कपड्यांच्या कारखान्यात साठ बायकांवर मुकादम होती. शिट्टी होती गळ्यात. सहा महिन्यांसाठी सोडते, म्हणाली. ते सहा महिने संपलेच नाहीत बघ. ओटा पुसण्यातच जन्म गेला तिचा. तोंडाने कधी काही बोलली नाही." ती उभी होती ती कठड्यावर त्यांच्या शेजारी बसली. तिला तो ओटा आठवला, ते शेगडीकडे बघून बोलणं आठवलं. दोघंही एकाच जातीचे. आणि ती, घरात दोन न दुखणारी माणसं असताना, हातात पेन्सिल घेऊन पुस्तक वाचत बसली होती. ती म्हणाली, "आणि तुम्ही कायमचे लुळे पडलात, की मी नोकरी सोडणार नाही होय? काय डोकं चालवलंत, वा! लोकांच्या टाक्या बांधल्यात की पाडल्यात?" सासरे हसले. मग त्यांचा हात पुढे आला. "उठव," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यातली तारीख दिली. मुंगीच्या आणण्याचा प्रश्न इतक्या सहज सुटला की तिला स्वतःचा राग आला. खालच्या मजल्यावरची बाई बाळाला घेऊन रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने फिरायला जायची, त्याच बाबागाडीत. "आणीन की. त्यात काय? तुमच्या सासऱ्यांनी माझा नळ पाच वेळा दुरुस्त केलाय." "पाच?" "तो बिघडला एकदाच होता. मी म्हटलं, बिचाऱ्यांना करमत नसेल, म्हणून ढिला करून ठेवायचे." ऑपरेशनच्या आधी सही करायच्या कागदावरची सगळी अतिबारीक अक्षरं तिने वाचली, तीनदा, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका ओळीवरही बोट ठेवलं नाही. बाहेर बाकावर ती आणि नवरा बसले. नवरा म्हणाला, "होईल गं नीट," आणि तिला ते 'असेल गं'पेक्षा पुष्कळ बरं वाटलं. आत नेताना सासरे डॉक्टरांना सांगत होते, "जोड नीट बसवा. घाईत केलेलं काम परत उघडावं लागतं."

पायाची कळ गेली. तळव्याचा बधिरपणा सगळा गेला नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, नसांना वेळ लागतो आणि काही नसा रुसलेल्याच राहतात. पाऊल मात्र महिन्याभरात उचलायला लागलं. सहाव्या आठवड्यात सासरे पहिल्यांदा मुंगीला आणायला बालवाडीपर्यंत गेले, हातात काठी, पायांत नवे बूट, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घोट्याला धरून ठेवणारे, आणि त्यांना खरोखरच्या लेस. ती चार पावलं मागून चालत होती, उघडपणे. परतताना पहिल्या दिव्यापाशी मुंगी थांबली. गुडघ्यांवर हात, सुस्कारा. सासरे तिच्यापुढे दहा पावलं जाऊन, ताठ उभे राहून, वळून बघत होते. "चल की आता!" "थांब. दोन मिनिटं." औषधवाल्याची पायरी. कुंडी. लाल गाडी. "अगं पोरी, आपल्याला पोचायचंय की नाही आज?" बाकावर मुंगीने डोळेसुद्धा मिटले. साडेसहाशे पावलांत सासरे एकदाही थांबले नाहीत, पण त्यांना थांबावं लागलं अकरा वेळा, आणि अकराव्या वेळी त्यांनी तिच्याकडे असं हताश होऊन पाहिलं, की ती भर रस्त्यात हसत सुटली; आणि हसता हसता डोळे पुसताना तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला कितीतरी दिवसांत मुंगीचा श्वास मोजायचं सुचलेलं नाही.

तर तिची एक विनंती आहे. तुमच्याही घरात असेल कुणीतरी, नाहीतर वरच्या मजल्यावर. बाळाची गाडी कुणाला हात लावू न देणारं, दुकानात एका लिंबासाठी मोठी ढकलगाडी घेणारं, न बोलावता तुमचा नळ बघायला येणारं. हे वाचणं ठेवा बाजूला आणि जरा त्यांच्याकडे जाऊन या. दुखतं का, असं विचारू नका, नाहीच म्हणतील. वर चहा करून पाजतील. इथून कोपऱ्यापर्यंत जाताना कुठे कुठे थांबता, एवढंच विचारा. आणि ते छताकडे बघायला लागले, तर त्यांच्या पायांकडे बघा.